नऊ नोंदींचा मेनू

“अगं, वरची पट्टीच गेली बघ!”

ग्रंथपाल बाईंचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होते. पट्टी म्हणजे डेस्कटॉपच्या वरच्या कडेचं पॅनल. मेनूचं बटण, घड्याळ, बाहेर पडायची सोय, सगळं त्याच पट्टीवर. बाईंच्या समोर एक मुलगी अर्ज भरायला बसली होती, शेवटची तारीख त्याच दिवशी होती आणि पडद्यावर नुसतं मागचं चित्र उरलं होतं. मी फोनवरच सांगितलं, “रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करा, त्या यादीत ॲप्लिकेशन्स दिसेल, तिथून इंटरनेट उघडा.” तिचा अर्ज गेला. संध्याकाळी जाऊन मी पट्टी परत आणली. कोणी काढली याचा शोध घेतला नाही. पॅनलवर उजवं क्लिक केलं की दोन-तीन पावलांत ते पुसून टाकता येतं, आणि त्या वेळी आमच्याकडे ते कोणालाही करता येत होतं. म्हणजे चूक करणाऱ्याची नव्हती, मांडणी करणारीची होती, आणि मांडणी माझी होती.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारं, ‘ब’ वर्गाचं. गावचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या कंपनीने काढून टाकलेले सहा संगणक त्याने खटपट करून मिळवून दिले. चार जीबी रॅम, आत विंडोज ७. त्याची सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच थांबवलं होतं. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सहाही यंत्रांवर विंडोजऐवजी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली, सोबत पट्टी, मेनू, खिडक्या दाखवणारा एक्सएफसीई डेस्कटॉप, कारण तो जुन्या यंत्रांवरही हलका चालतो. मराठी टायपिंगसाठी आयबस हा प्रोग्रॅम, त्यात टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट आणि गमभन या दोन्ही पद्धती. खाती दोनच केली. ‘वाचक’, ज्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिलेला, आणि ‘व्यवस्थापक’, जे माझ्या आणि बाईंच्या हातात.

सकाळी स्पर्धा परीक्षावाले येतात, दुपारी सातबारा आणि वेगवेगळे अर्ज घेऊन माणसं येतात, चार वाजता शाळा सुटली की मुलं. सगळे त्याच सहा खुर्च्यांवर, त्याच एका ‘वाचक’ खात्यात. शहरातल्या घरी प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. इथे एकाने बदललेलं दुसऱ्याच्या पुढ्यात येतं.

पट्टीच्या प्रकारानंतर मी बाईंना दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, दोन आठवडे काय काय बिघडतं ते फक्त लिहून ठेवा. बाईंचं अक्षर पुस्तकांच्या नोंदवहीत असतं तसंच, तारीख, वेळ, यंत्र क्रमांक, तक्रार. “यं. क्र. ४. अक्षरे फार मोठी झाली.” “यं. क्र. २. मराठी टाइप होत नाही, आयबस बंद.” “यं. क्र. ४. पडदा आडवा झाला.” “यं. क्र. १. सुरू करताच आठ खिडक्या आपोआप उघडतात.” पंधरा दिवसांत तेवीस नोंदी. मी एकेक करून तपासल्या, तर खोडसाळपणा म्हणावा अशी एखाददुसरीच. बाकी सगळी माणसं काहीतरी शोधत शोधत भलत्या ठिकाणी पोचली होती. प्रिंट कुठे आहे हे शोधताना कोणी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये शिरलं होतं, कोणी बाहेर पडताना ‘सेशन जपून ठेवा’ (म्हणजे उघड्या खिडक्या पुढच्या वेळी परत आण) या चौकटीवर टिक करून गेलं होतं. मेनूत साठाच्या वर नावं होती, आणि आलेल्या माणसाला हवी असायची त्यातली चार-पाच.

तेव्हा ठरवलं, ‘वाचक’ खात्याचा मेनू छाटायचा.

पहिला प्रयत्न मी घाईने केला. लिनक्सवर मेनूतलं प्रत्येक नाव म्हणजे एक छोटी मजकूर फाइल असते, शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ लावलेली. यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरात त्या सगळ्या ओळीने पडलेल्या असतात. आत प्रोग्रॅमचं नाव, चिन्ह, कोणती आज्ञा चालवायची ती ओळ आणि तो कोणत्या गटात बसतो ते. त्यात ‘नोडिस्प्ले’ समोर ‘ट्रू’ लिहिलं की नाव मेनूतून दिसेनासं होतं. मी एका रविवारी बसून चाळीसेक फाइलींत ती ओळ घातली. सोमवारी बाईंचा फोन, “सेटिंग्ज कुठे गेल्या? मला प्रिंटर जोडायचाय.” साहजिकच होतं. त्या फाइली सगळ्या यंत्राच्या असतात, एका खात्याच्या नसतात. वाचकांपासून लपवलं ते बाईंपासूनही लपलं. पुढे महिन्याभरात अपडेट आली आणि ज्या ज्या पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याची, नवी आवृत्ती उतरली त्यांच्या फाइली नव्याने लिहिल्या गेल्या, माझी ओळ पुसून. अर्धा मेनू परत उगवला. त्या फोल्डरावर पॅकेज व्यवस्थेची मालकी असते, तिथे हाताने लिहिलेलं टिकत नाही. सगळ्यांसाठीच एखादं नाव बदलायचं किंवा लपवायचं असेल तर त्याच नावाची फाइल ‘लोकल’ खालच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरात ठेवायची. तिला आधी मान मिळतो आणि अपडेट तिला हात लावत नाही. हे मला आधी ठाऊक असतं तर एक रविवार वाचला असता.

दुसऱ्या वेळी मात्र आधी दोन संध्याकाळी नुसतं वाचलं. मेनू कसा रचायचा हे त्या छोट्या फाइली ठरवत नाहीत. त्यासाठी वेगळी एक मेनू फाइल असते, इटीसीमध्ये एक्सडीजीच्या आत, मेनूज या फोल्डरात. कोणता गट आधी, कोणता नंतर, काय घ्यायचं, काय वगळायचं, हे तिथे लिहिलेलं. आणि ही फाइल कुठे शोधायची ते डेस्कटॉपला एका चलामधून, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या माहितीतून, कळतं, त्याचं नाव एक्सडीजी कॉन्फिग डर्स. म्हणजे ‘वाचक’ खातं उघडताना त्या चलात माझ्या फोल्डराचं नाव आधी घातलं की त्या खात्याला माझी मेनू फाइल मिळणार, आणि ‘व्यवस्थापक’ला नेहमीची. मूळ काहीच खोडायचं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण यात उद्या मागे यायचं झालं तर एक फोल्डर उचललं की झालं.

‘वाचक’ नावाचा ग्रुप केला, खातं त्यात घातलं. लॉगिन होताना चालणाऱ्या स्क्रिप्टींच्या, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइलींच्या, फोल्डरात, एक्ससेशन डॉट डी मध्ये, पाच ओळींची एक फाइल ठेवली. चालू वापरकर्ता ‘वाचक’ ग्रुपमध्ये आहे का बघ, असेल तर चल बदल. यंत्र क्रमांक ३ वर ‘वाचक’ म्हणून आत गेले. मेनू छाटलेला, अगदी हवा तसा. डेस्कटॉपवरच्या उजव्या क्लिकचा मेनूही त्याच फाइलवरून बनतो, त्यामुळे तोही छाटलेला. बाहेर पडले आणि ‘व्यवस्थापक’ म्हणून जायला पासवर्ड टाकला. पडदा एकदा काळा झाला आणि पुन्हा लॉगिनची चौकट. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. वाचक आत जात होता आणि व्यवस्थापक बाहेर उभा होता.

कारण सापडायला रात्रीचे साडेनऊ झाले. ग्रुप आहे का हे बघणारी ओळ मी सुटी लिहिली होती आणि तिचा निकाल खालच्या ओळीत तपासला होता. डेबियनची लॉगिनची मूळ स्क्रिप्ट अशी चालते की आतली कुठलीही सुटी आज्ञा अपयशी ठरली की ती तिथेच थांबते. माझी फाइल तिच्याच पोटात वाचली जाते. वाचक ग्रुपमध्ये असल्याने त्याच्या वेळी ओळ यशस्वी व्हायची आणि गाडी पुढे जायची. व्यवस्थापक ग्रुपमध्ये नाही, म्हणून ओळ अपयशी, म्हणून पूर्ण सेशनच बंद. तीच तपासणी ‘इफ’च्या, म्हणजे ‘जर’च्या, आत घेतली की प्रश्न मिटतो, कारण तिथे ‘नाही’ हे उत्तर अपयश धरलं जात नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ२ दाबून काळ्या पडद्यावरून आत गेले, ती फाइल दुरुस्त केली, मगच घरी गेले. हे ज्याला करायचं असेल त्याने एक लक्षात ठेवावं. नवी स्क्रिप्ट ठेवल्यावर ज्याच्यावर मर्यादा घातली फक्त त्याच खात्याने नाही, दुसऱ्या खात्यानेही आत जाऊन बघायचं. आणि तोवर चालू असलेल्या लॉगिनमधून बाहेर पडायचं नाही.

छाटलेला मेनू सहाही यंत्रांवर गेला. आठ दिवस वहीत एकच नोंद. नवव्या दिवशी संध्याकाळी मी वाचनालयातच होते, तेव्हा सातवीतला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही ते काळं काढून टाकलंत, पण ते अजून आहे.” काळं म्हणजे टर्मिनल, आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी. त्याने मला दाखवलं. फाइलींच्या खिडकीत रिकाम्या जागी उजवं क्लिक केलं, ‘इथे टर्मिनल उघडा’, आणि उघडलं. मग म्हणाला, “असंही येतं,” आणि आल्ट आणि एफ२ दाबून छोटी चौकट आणली, त्यात नाव टाइप केलं. तेही उघडलं. त्याने काही बिघडवलं नव्हतं. त्यात तारीख आणि कॅलेंडर कसं दिसतं ते त्याला कळलं होतं आणि तेवढंच तो मित्रांना दाखवत होता.

त्या संध्याकाळी मला खऱ्या अर्थाने समजलं की मी दोन वेगळी कामं एकच समजून बसले होते. मेनूतून नाव काढणं म्हणजे फळीवरचं पुस्तक कपाटात ठेवणं. कपाटाला कुलूप लावणं हे दुसरं काम. वहीतल्या तेवीसातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींना पहिलं काम पुरेसं होतं, कारण ती माणसं कुलूप तोडायला आलेली नव्हती, ती वाट चुकलेली होती. कुलूप कुठे हवं हा विचार मी केलाच नव्हता.

मग तो केला. ‘वाचक’ खात्याला सुडोचा, म्हणजे यंत्राचा मालक म्हणून आज्ञा चालवायचा, अधिकार नाहीच, त्यामुळे टर्मिनल उघडलं तरी त्याला यंत्राची मूळ व्यवस्था बदलता येत नाही. हीच खरी भिंत आहे आणि ती लिनक्स आयती देतं. पण एकाच खात्यात सगळे बसतात, तेव्हा टर्मिनलवरून त्या खात्यातलं दुसऱ्या कोणाचंही काम एका ओळीत पुसता येतं. म्हणून टर्मिनलला कुलूप लावायचं ठरवलं. प्रोग्रॅमच्या मूळ फाइलीचा ग्रुप ‘व्यवस्थापक’ केला आणि परमिशन ७५० केली, म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं आणि चालवणं, बाकीच्यांना काहीच नाही. इथेही अपडेटचा तोच धोका, नवी आवृत्ती आली की परमिशन पूर्ववत. त्यावर डेबियनकडे स्वतःचा उपाय आहे, डीपीकेजी स्टॅटओव्हरराइड. त्यात एकदा नोंद केली की पॅकेज कितीदाही बदललं तरी त्या फाइलीचा ग्रुप आणि परमिशन आपण सांगितलेलीच राहते. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत आवडलेली आज्ञा हीच. शेजारी एक्सटर्म नावाचं दुसरं टर्मिनलही असतं, त्यालाही तेच केलं. उजव्या क्लिकमधलं ‘इथे टर्मिनल उघडा’ हे थुनार या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सानुकूल कृतींच्या फाइलीतून येतं, तिथून ते काढलं. काही प्रोग्रॅमच्या नोंदीत ‘ट्रायएक्झेक’ नावाची ओळ असते. त्या वापरकर्त्याला प्रोग्रॅम चालवता येत नसेल तर मेनू ते नाव आपणहून गाळतो. म्हणजे अशा ठिकाणी कुलूप लावलं की लपवणंही आपोआप होतं.

पॅनलचं वेगळं होतं. एक्सएफसीईच्या सेटिंग्जच्या फाइलींत पूर्ण विभागालाच ‘लॉक’ लिहिता येतं आणि कोणाला मोकळं हेही सांगता येतं. पॅनलचा विभाग तसा बंद केला. त्या दिवसापासून पट्टी गेल्याचा फोन आलेला नाही. सेशन जपून ठेवायची मुभाही कियोस्कच्या, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या, फाइलीतून काढली, आठ खिडक्यांचा उपद्रव संपला.

कंट्रोल, आल्ट आणि एफ२ ची काळ्या पडद्याची वाटही बंद करता येते, एक्सच्या, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या, सेटिंगमध्ये एका ओळीचं काम आहे. ती मी बंद केली नाही. त्या रात्री मी त्याच वाटेने आत आले होते. आणि कोणी मूल तिथून ‘वाचक’ म्हणून आत गेलंच, तर त्याला सुडो नाही. सगळी दारं बंद केली म्हणजे सुरक्षित झालं असं मला वाटत नाही. दुरुस्तीला येणाऱ्याचं दारही त्यातच असतं.

त्या मुलाला मी काय सांगावं हा प्रश्न होताच. त्याने दाखवलेली दोन्ही दारं मी त्याच्याच डोळ्यांदेखत बंद केली होती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून का बंद केली ते समजावलं, की या खात्यात तुझ्यानंतर बसणाऱ्या काकांचा अर्ज असतो. तो म्हणाला, “मग मला वेगळं खातं द्या.” साधं उत्तर होतं आणि मला ते सुचलं नव्हतं.

वेगळ्या खात्यांची गरज किती मोठी आहे हे मात्र पुढच्याच आठवड्यात वेगळ्या तऱ्हेने कळलं, आणि तो दिवस मी विसरणार नाही. बाई एका वाचकाला डाउनलोड्सचं फोल्डर उघडून देत होत्या. त्यात चार-पाच वेगवेगळ्या माणसांची आधार कार्डं, एका मुलीचा दहावीचा निकाल, एकाचं बँक पासबुकाचं पहिलं पान, सगळं पीडीएफ. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या मुलींनी पेन ड्राइव्हवरून फाइली उतरवल्या, अर्ज केला, उठून गेल्या. फाइली तिथेच. त्यानंतर त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला त्या दिसल्या असणार. मी तीन महिने मेनूत कोणतं नाव दिसावं यावर डोकं लावत होते आणि मेनूच्या खालच्या फोल्डरात लोकांची कागदपत्रं उघडी पडली होती. बाईंनी त्या सगळ्या फाइली स्वतः बसून पुसल्या, कचऱ्याच्या टोपलीतूनही. त्या मुलींपैकी जी ओळखीची होती तिला निरोप पाठवला.

त्यानंतर ‘वाचक’ खातं प्रत्येक वेळी कोरं व्हायला हवं हे पक्कं झालं. लॉगिनची चौकट दाखवणारा लाइटडीएम सेशन सुरू होण्याआधी आणि संपल्यावर एकेक स्क्रिप्ट चालवू देतो, तीही रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या, अधिकाराने. त्यात लिहिलं, वापरकर्ता ‘वाचक’ असेल तरच त्याचं घर, म्हणजे त्या खात्याच्या फाइलींचं फोल्डर, पुसून एका नमुन्याच्या घरावरून नवं भरायचं. ‘असेल तरच’ ही अट मी पाच वेळा तपासली, कारण ती चुकली तर बाईंचंच घर पुसलं गेलं असतं. पण स्क्रिप्ट लावण्याआधी फळ्यावर पंधरा दिवस सूचना ठेवली, कारण परीक्षावाल्या मुलांनी त्याच खात्यात महिनोन्‌महिन्यांच्या नोट्स ठेवलेल्या होत्या. नियमित येणाऱ्या अकरा जणांना स्वतःची खाती दिली. तो सातवीतला मुलगा बारावा. या खात्यांचा ग्रुप ‘अभ्यासक’, त्यांचा मेनू थोडा मोठा, त्यांचं घर पुसलं जात नाही. टर्मिनलला दोन ग्रुप लागत होते आणि साध्या परमिशनमध्ये एकच ग्रुप बसतो, म्हणून ‘टर्मिनल’ नावाचाच तिसरा ग्रुप केला आणि ज्याला हवं त्याला त्यात घातलं. सध्या त्यात चौघं आहेत.

घर दर वेळी नव्याने भरलं जात असल्याचा आणखी एक फायदा झाला. वापरकर्त्याने स्वतःच्या घरात मेनू फाइल बनवली तर ती माझ्या फाइलीवर मात करते. ‘वाचक’ खात्यात आता ती लॉगआउट झाल्याबरोबर जाते.

पण माणूस उठताना लॉगआउट करत नाही, नुसता खुर्ची सोडतो, आणि मग स्क्रिप्ट चालतच नाही. इथे पुन्हा मेनूकडे यावं लागलं, आणि या वेळी बाईंनी वाट दाखवली. मी यादी घेऊन त्यांच्याकडे गेले होते, अजून काय काढायचं ते विचारायला. त्या म्हणाल्या, “काय नको ते तू विचारतेस. त्यांना काय हवं असतं ते विचार ना. मी सांगते.” आणि त्यांनी सांगितलं, थेट कामांच्या नावांनी. पत्र लिहायचं असतं. सातबारा काढायचा असतो. पेन ड्राइव्ह उघडायचा असतो. एकदाही त्यांच्या तोंडी रायटर किंवा फायरफॉक्स आलं नाही.

मी वगळायच्या यादीची फाइल बाजूला ठेवली आणि नवी लिहिली, फक्त घ्यायच्या नावांची. उपगट नाहीत, एकाच पातळीवर आठ नोंदी. आणि प्रत्येकीची डॉट डेस्कटॉप फाइल स्वतः लिहिली, ‘लोकल’च्या फोल्डरात. एक फाइल नमुन्याला सांगते. पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एन्ट्री’. खाली प्रकार, म्हणजे ‘ॲप्लिकेशन’. मग नाव. त्याखाली पुन्हा नाव, पण शेजारी कंसात मराठीची खूण, आणि समोर ‘पत्र किंवा अर्ज लिहा’. खाली मराठीतच एक वाक्य, जे नावावर बाण थांबवला की दिसतं, ‘कोरा कागद उघडतो. लिहून झाल्यावर पेन ड्राइव्हवर ठेवा.’ मग चालवायची आज्ञा, म्हणजे लिबरऑफिस रायटर, आणि चिन्ह. संपली फाइल. सात-आठ ओळी, पण त्या वाक्याच्या शब्दांवर बाई आणि मी अर्धा तास बोललो. ‘जतन करा’ असं मी लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, जतन कोण म्हणतं, ठेवा म्हण.

सगळ्यांत शेवटची नोंद ‘काम झालं’. तिच्यामागे लॉगआउटची आज्ञा. माणूस जाताना ‘लॉगआउट’ शोधत नाही, पण काम झालं हे त्याला ठाऊक असतं. दुपारच्या वेळी निवृत्त शिक्षक असलेले एक काका येतात, पेन्शनची स्लिप बघायला. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी स्लिप काढली, चष्मा खिशात ठेवला, पुन्हा काढून डोळ्यांवर चढवला, मेनू उघडला, बोट पडद्यावर टेकवून वरून खाली वाचत आले आणि ‘काम झालं’वर क्लिक केलं. पडदा मिटून लॉगिनची चौकट आली. “पुसलं सगळं?” त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर उठले. त्यांनी याआधी कधी लॉगआउट केलं नव्हतं.

आठाच्या नऊ नोंदी कशा झाल्या तेही सांगायला हवं, कारण ती माझी चूक होती. छाटताना प्रिंटरचं सगळंच काढून टाकलं होतं, कारण वहीतल्या निम्म्या गोंधळाची सुरुवात प्रिंट शोधण्यातून झाली होती. एका शनिवारी एका ताईंनी चाळीस पानी पीडीएफमधलं एक पान हवं असताना पूर्ण फाइल छापायला दिली. थांबवायचं कसं ते कुठेच दिसेना. बाईंनी शेवटी प्रिंटरचा प्लग काढला, कागद आत अडकला, आणि प्लग पुन्हा लावल्यावर उरलेली पानं यायला लागली, कारण काम रांगेतच होतं. त्या ताई ओशाळून पैसे पुढे करत होत्या. बाईंनी घेतले नाहीत. स्वतः दिलेलं छपाईचं काम रद्द करायचा हक्क छपाईची व्यवस्था साध्या वापरकर्त्यालाही देते, मी मात्र त्याचा रस्ताच मेनूतून उडवला होता. प्रिंटर जोडण्याच्या सेटिंग्ज बंदच ठेवल्या आणि ‘प्रिंट थांबवा’ या नावाने छपाईची रांग मेनूत घातली.

आता ‘वाचक’च्या मेनूत इंटरनेट, सातबारा, पत्र किंवा अर्ज लिहा, तक्ता, पीडीएफ वाचा, पेन ड्राइव्ह, चित्र काढा, प्रिंट थांबवा आणि काम झालं, अशा नऊ नोंदी आहेत. क्रम बाईंनी ठरवलेला. सातबारा म्हणजे ब्राउझरच, फक्त सरकारी संकेतस्थळाच्या पानावर उघडणारा. चित्र काढा म्हणजे टक्स पेंट, चार वाजताच्या मंडळींसाठी.

वही अजून चालू आहे. आता तिच्यात बिघाडांपेक्षा मागण्या जास्त येतात. गेल्या बुधवारी बचत गटाच्या बायका हप्त्यांचा मेळ घालायला बसल्या होत्या आणि एकीने मोबाइलवर आकडे मोजून ते तक्त्यात उतरवले. बाईंनी खाली लिहिलंय, “सर्व यंत्रे. कॅल्क्युलेटर मेनूत नाही. नाव ‘बेरीज-वजाबाकी’ ठेवावे.” रविवारी जाऊन ती फाइल लिहायची आहे.